मागल्या दारी सावली नाही

"मनुष्यजन्माला यिऊन ज्यानं सवताचं घर घेतलं न्हाई, त्यो मानूसच न्हवं!"

हा सिद्धांत गुंडाने लोणंद स्टेशनच्या फलाटावर, गाडी यायच्या जरा आधी, सर्व उतारूंना ऐकू जाईल अशा आवाजात मांडला. उतारूंनी माना डोलावल्या, कारण गाडीला उशीर होता आणि दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. गुंडा स्वतः बापाच्या घरात, बापाच्या पंगतीला, बापाने टाकलेला कोट घालून चाळिशीला आला होता. आयुष्यात स्वतःच्या पसंतीने त्याने घेतलेली एकच वस्तू म्हणजे एक छत्री, आणि ती मागच्या पावसाळ्यात याच फलाटावर राहिली होती. त्यामुळे सिद्धांताचा परिणाम बघत न बसता तो वहिनीकडे वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "वैनी, तिकीट साताऱ्याचं काढू का सांगलीचं? मला बाबा त्यातलं काय बी कळत न्हाई."

"आदी सातारा," राहीबाई म्हणाली. "तितल्या पेठा बगितल्याल्या हायत्या."

साल सेहेचाळीस. राहीबाईचा नवरा, म्हणजे गुंडाचा थोरला भाऊ नाथाजी, पलटणीत हवालदार होता. तो इटली नावाच्या मुलखात पडला. खबर आली तेव्हा हा मुलूख नेमका कुठे, यावर घरात बरीच चर्चा झाली. सासरे लालासाहेब म्हणाले, विलायतेच्या अलीकडे. धाकट्या चुलत्यांचं मत पलीकडे असं पडलं. शेवटी तो फार लांब आहे यावर एकमत झालं आणि मग सगळे रडायला मोकळे झाले.

पुढे सरकारकडून पैसा आला. लालासाहेब सरळ माणूस. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ह्यो पैका थोरल्या सुनंचा. साताऱ्यात घर घ्यायचं नाथाच्या लय मनात हुतं. घ्या. घरातली पोरं बी तितं ऱ्हाऊन शिकतील. पर आखितीपतुर ठरलं तर ठरलं. न्हाईतर त्या पैक्याची हीर पाडायची. हिरीनं बी लय वरसं वाट बगितलीया."

यात म्हातारा कुठे चुकला असं कुणालाच म्हणता आलं नसतं. राहीबाईलाही आलं नाही. फक्त तिला एवढं कळलं की अक्षय्यतृतीयेपर्यंत तिला घर पसंत पडलं तर पडलं. नाहीतर सासरच्या घरात तिला होती ती जागा कायमची. जागा वाईट नव्हती. माजघराच्या दाराआड, उतरंडीच्या शेजारी. तिथून कुणी ऊठ म्हणत नसे आणि तिथे कुणी हाकही मारत नसे.

सातारा रोडला उतरून मोटारीने दोघं शहरात आली. सातारा म्हणजे जमिनीवर अंथरलेला आठवडा. सोमवारापासून रविवारापर्यंत सगळ्या वारांच्या पेठा. माणूस शनिवारात राहतो, त्याचं दुकान बुधवारात असतं आणि सासुरवाड मंगळवारात. गुंडा पहिल्याच दिवशी गोंधळला. "वैनी, आज शुक्रवार न्हवं? मंग आपुन सोमवारात काय करतुया?" असं त्याने भर रस्त्यात विचारलं, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याला थांबवून मोठ्या मायेने कुठल्या गावचे म्हणून चौकशी केली.

घरं दाखवायला नानासो दलाल होता. वरच्या अंगाच्या पेठा, वकील-डॉक्टरांच्या आळ्या यांना झेपणाऱ्या नाहीत, हे त्याने दोघांचे कपडे बघूनच ओळखलं होतं. तो त्यांना उताराच्या बाजूला घेऊन गेला. नानासोच्या तोंडात वाईट शब्द नव्हता. छप्पर उडालेल्या घराला तो हवेशीर म्हणायचा आणि दिवसा कंदील लावावा लागणाऱ्याला थंड. एका घराची मागची भिंतच नव्हती. "मोकळं हाय," नानासो म्हणाला.

गुंडाची घर पारखायची स्वतःची पद्धत होती. तो भिंतीला कान लावायचा. काय ऐकू येतं ते कुणाला सांगायचा नाही. मग आडाचं पाणी तोंडात घेऊन खुळखुळवायचा, थुंकायचा, आणि शेजाऱ्याला विचारायचा, "आळीत भांडनं किती?" शेजारी म्हणायचा, भांडणं अजिबात नाहीत, लगेच पलीकडच्या दारातून कुणीतरी म्हणायचं, हा खोटं बोलतोय, आणि गुंडाला उत्तर मिळायचं.

पण पसंती राहीबाईची. आणि राहीबाईला एकही घर पसंत पडेना. एका घराचा जिना चढा होता. एका घरासमोरची म्हैस तिला तापट वाटली. तिसरं घर सगळ्या बाजूंनी ठाकठीक निघालं, तेव्हा ती बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, ह्या घरात दुपारी लय शांत वाटंल."

"आवं, शांत असलं तर चांगलंच की."

"न्हाई. नगंच."

पहिल्या दिवशी गुंडाला वहिनीचं कौतुक वाटलं. नजर बारीक हो! तिसऱ्या दिवशी त्याच्या वहाणेचा अंगठा तुटला आणि कौतुक जरा कमी झालं. नानासोने एकदा गुरुवार पेठेचं नाव काढलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, "तितं नगं. तितलं पानी जड हाय." शेजारच्या आळीला आणि गुरुवार पेठेला पाणी एकाच हौदाचं, हे नानासोला ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणी पोट भरलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

राहीबाईला खोड काढायचा सराव होता, हे गुंडाला ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा घरात इतकी माणसं होती की पंगतीत घरचं कोण आणि पाव्हणं कोण हे लालासाहेबांनाही विचारून घ्यावं लागे. अशा घरात नवरा-बायकोने वडीलधाऱ्यांदेखत बोलायची रीत नव्हती. बोलायचंच झालं तर खांबाशी. "पानी तापलंय म्हनावं," असं राहीबाई खांबाला सांगायची आणि नाथाजी आंघोळीला उठायचा. "भाकरी एक कमी कर म्हनावं," असं नाथाजी त्याच खांबाला सांगायचा. रात्रीही माजघरात सासू, चुलतसासवा, नणंदा आणि त्यांची लेकरं ओळीने. नाथाजी रजेवर आला की दोन महिने दोघांचा संसार त्या खांबाशी चालायचा. खांब सागवानी होता, म्हणून टिकला.

मग एका उन्हाळ्यात नाथाजीने बापाजवळ विषय काढला.

"आबा, पेन्शनीत निघाल्यावर साताऱ्यात घर असावं म्हन्तो. आत्तापास्नं बगून ठिवल्यालं बरं."

"बग की."

"चूल-मोरी बायकांस्नीच कळती पर."

लालासाहेबांनी थोडा विचार केला. घर घेणं ही गंभीर बाब. गंभीर बाबीत बायको बरोबर असायला हरकत नाही. "जा घिऊन," ते म्हणाले.

पहिल्या खेपेला मोटारीत दोघं सवयीने गप्प बसून गेली. शुक्रवारातलं घर होतं. मालकाने किल्ली दिली आणि तो देवळात गेला. घर रिकामं. नाथाजी आतल्या खोलीत जाऊन भिंतीला म्हणाला, "घर बरं हाय म्हनावं." राहीबाई बाहेरच्या खोलीत चौकटीला म्हणाली, "व्हय म्हनावं." आणि मग दोघांच्याही एकदम लक्षात आलं की इथे ऐकायला कोणीच नाही.

"राहे," नाथाजी म्हणाला.

भर दुपारी आपल्याला कोणी असं नावानं बोलावू शकतं, हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

तिथून पुढे त्यांचा संसार साताऱ्यातल्या परक्यांच्या रिकाम्या घरांतून झाला. पहिलं भांडण सोमवारात झालं, एका परसातल्या रांजणावरून, जो त्यांचा नव्हता. मोठ्याने ती पहिल्यांदा हसली बुधवारात. आणि शनिवारातल्या एका ओसरीवर तिने त्याला पोटातल्या पोटात गेलेल्या लेकराचं सांगितलं, जे घरी सासूखेरीज कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा नाथाजी परक्याच्या उंबऱ्यावर बसून रडला, आणि किल्ली परत द्यायला उशीर झाला म्हणून मालकाची बोलणी खाल्ली.

संध्याकाळ झाली की मात्र घराला काहीतरी खोड काढावी लागे. न काढली तर घर पसंत पडलं असतं, आणि मग पुढच्या आठवड्यात बघायचं काय? कधी तो काढायचा, कधी ती. उतरंड मावणार नाही. देवघराचं तोंड बरोबर नाही. समोरच्या बाईचा डोळा बरा दिसत नाही. घरी लालासाहेब ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, घाई करू नका, घर काही रोज घ्यायचं नसतं.

एक्केचाळीसच्या उन्हाळ्यात नाथाजी आला तो दर्यापार जायचं ठरूनच. त्या खेपेला शेवटचं घर बघितलं ते गुरुवार पेठेतलं, चांदसाहेब मनियारांचं. ते घर दर उन्हाळ्यात विकायला निघायचं, कारण उन्हाळ्यात चांदसाहेबांना पैशाची ओढ लागायची. आणि दर श्रावणात विकायचं रद्द व्हायचं, कारण श्रावणात बांगड्या खपायच्या. त्यामुळे ते दोघांनी दर साली बघितलं होतं. त्या दिवशी नाथाजी म्हणाला, "राहे, लय बगितली. आता ह्येच घिऊ."

राहीबाईच्या तोंडात 'व्हय' आलं होतं. पण तिच्या माहेरी एक रीत होती. माणूस लांब निघाला की त्याचं एखादं काम मुद्दाम अर्धं ठेवायचं. अर्ध्या वळलेल्या दोराला, अर्ध्या लिंपलेल्या भिंतीला माणूस परत येतो, असं तिथल्या बायका धरून चालायच्या. घर घेतलं म्हणजे काम पुरं झालं. तिने मागचं दार उघडलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "मागल्या दारी सावली न्हाई."

नाथाजी तिच्या मागे येऊन उभा राहिला. "न्हाई खरी," तो म्हणाला.

"फुडल्या रजंला बगू."

पुढची रजा आलीच नाही. पाच वर्षं राहीबाईने हे खांबालाही सांगितलं नव्हतं.

साताऱ्यात जमेना म्हणून गुंडा तिला सांगलीला घेऊन गेला. सांगली संस्थानी गाव. तिथे घरं स्वस्त, असं कुणीतरी त्याला गाडीत सांगितलं होतं. गावभागात नदीजवळ एक घर खरोखरच स्वस्त निघालं. मालकाने भिंतीवरची एक रेघ दाखवली, पुरुषभर उंचीची. "इथवर कृष्णामाई आली होती," तो अभिमानाने म्हणाला.

"म्हंजे पानी घरपोच हाय," गुंडा वहिनीला म्हणाला. पण त्यालाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

दुसरं घर खणभागात. नवं, नेटकं, झेपणारं. शाळा जवळ, बाजार जवळ. राहीबाई सगळ्या खोल्यांतून फिरली आणि तिला एकही खोड सापडेना. गुंडाचा चेहरा उजळला. तेवढ्यात रस्त्यावरून हळदीच्या पोत्यांच्या गाड्या गेल्या. सगळ्या आळीत वास भरला. गुंडाने छाती भरून श्वास घेतला. "वैनी, वास बगा! निसतं लगीनघर!"

राहीबाईने पदर नाकाला लावला आणि ती पायऱ्या उतरून चालू लागली. गुंडा मागून हाका मारत राहिला. बायकांना हळदीच्या वासात वाईट काय वाटतं, हे त्याला कळेना. ते त्याला परतीची गाडी ताकारी स्टेशन सोडून पुढे गेल्यावर कळलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला, इतका मोठ्याने, की समोरच्या बाकावरचं झोपलेलं पोर उठलं. पुढच्या स्टेशनावर त्याने फुटाणे आणले, ते सगळे वहिनीच्या पुढ्यात ओतले आणि खिडकीची जागा तिला दिली.

आखिती उद्यावर आली. नानासो दलाल साताऱ्याच्या मोटार अड्ड्यावर हात जोडून उभा होता. "आता एकच ऱ्हायलंय," तो म्हणाला. "गुरुवारातलं. मनियाराचं. पानी जड आसंल तर उकळून प्या."

राहीबाईने गुंडाकडे बघितलं. वहाणेला सुतळी बांधून तो उन्हात उभा होता. त्याला काय सांगायचं?

"चला," ती म्हणाली.

चांदसाहेबांनी हवालदारीणबाईंना ओळखलं, आणि मागून हवालदार न येता कुणी दुसराच माणूस आलेला बघून ते बोलता बोलता थांबले. गुंडाला मोरी बघायची होती, म्हणून ते त्याला घराच्या बाजूने घेऊन गेले. जरिनाचाची, चांदसाहेबांची बायको, किल्ली घेऊन लगबगीने आली. "किती सालं झाली बाई! विसरलात वाटलं आमाला!" म्हणत तिने सवयीने राहीबाईचा हात हातात घेतला. दर साली या घरातून निघताना राहीबाई तिच्याकडे बांगड्या भरायची. माप घ्यायला जरिनाचाची तिच्या बोटांची मूठ करून अंगठ्याने दाबायची. आताही तसंच दाबलं. मग तिची नजर मनगटावर गेली.

तिने हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने कुलूप काढलं आणि राहीबाईला आत नेलं.

घर तसंच होतं. कोपऱ्यात पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पालथा तांब्या.

"कवा?" जरिनाचाचीने विचारलं.

"दोन सालं झाली. लांबच्या मुलखात."

जरिनाचाची खाली बसली. मग म्हणाली, "तुमास्नी यक सांगू? रागवाचं न्हाई. समद्या आळीला ठावं हुतं."

"काय?"

"तुमी घर घ्याया येत नव्हता ते." ती घागरीकडे बघत म्हणाली. "पयल्या साली आमास्नी वाटलं, घेत्याल. दुसऱ्या सालीबी वाटलं. मंग समोरची मनुबाई म्हन्ली, अगं, ती दोगं घर न्हाई बगत. त्यास्नी दुसरीकडं बोलाया जागा न्हाई. तवापास्नं आमी बायका पैजा लावायचो. आज काय खोड काडत्याल. कौलाची काडत्याल का मोरीची. येकदा तुमी म्हन्लासा, समोरच्या बाईचा डोळा बरा न्हाई. मनुबाईनं त्या दिशी साखर वाटली."

राहीबाईला कानकोंडं झालं. "मंग किल्ली कशापायी दिलीसा, चाची?"

"घर रिकामंच हुतं की. म्या आदल्या दिशी झाडून घ्यायची. घागर भरून ठिवायची. तुमास्नी काय वाटलं, घागर कुनी भरली?"

राहीबाईला कधी काही वाटलंच नव्हतं. साताऱ्यात रिकामं घर पाण्याच्या घागरीसकट मिळतं, असंच ती इतकी वर्षं समजत होती.

"शेवटच्या खेपंला," जरिनाचाची म्हणाली, "तुमी गेलासा आन दुसऱ्या दिशी हवालदार येकलेच आले. हातात कडुलिंबाचं रोप. मागल्या दारी खड्डा काडला, लावलं, काट्या लावल्या. आमच्या ह्यास्नी म्हन्ले, 'चाचा, म्या यिऊस्तवर ह्येला पानी घाला. आमच्या बाईला सावली पायजे. फुडच्या खेपंला तिला खोड काडायला जागा ठिवनार न्हाई.' हसत हुते लय."

राहीबाई उठली. मागच्या दाराची कडी घट्ट बसली होती. ती दोन्ही हातांनी ओढून काढली आणि दार उघडलं. परसात ऊन भाजत होतं. धुण्याचा दगड होता. त्याच्यापुढे नुसती तापलेली माती.

"कुटं हाय?"



"बाई," जरिनाचाची म्हणाली, "त्याच सांच्याला आमच्या शेळीनं खाल्लं."

राहीबाई दारातच उभी राहिली.

"काट्यांसकट खाल्लं. मंग ह्यांनी दुसरं आनलं. तेबी खाल्लं. तिसऱ्याला म्या शेळी बांदून ठिवली, तर दोर खाल्ला आन मंग रोप खाल्लं. शेळी इकून टाकली. मंग लावायचंच ऱ्हाऊन गेलं. तुमी आलासा तर काय तोंड दाखवायचं, ह्येच मनात यायचं."

राहीबाईला हसू फुटलं. ते तिने पदरात धरलं. जरिनाचाचीही ओशाळून हसू लागली. मग तिने पाहिलं की राहीबाईचे खांदे थांबत नाहीत, आणि ती उठून तिच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"चाची," पदरातूनच राहीबाई म्हणाली, "पयल्याच साली घेतलं असतं, तर समदं उन्हाळं हितंच ऱ्हायलो असतो की."

जरिनाचाचीला हे कधीच कळलेलं होतं, समोरच्या मनुबाईलाही. पण आळीत त्यावर कधी पैज लागली नव्हती. तिने तांब्या भरून पुढे केला.

तेवढ्यात गुंडा आत आला. मोरीची पाहणी त्याने मोरीत उतरून केली होती, हे त्याच्या पायांवरून दिसत होतं. वहिनीचे डोळे बघून तो दारातच अडखळला. मग इतक्या दिवसांत शिकलेलं काम त्याने आपणहून केलं.

"वैनी, भिंती बऱ्या हायत. मोरी बरी हाय. पैक्यात बी बसतंय. पर म्या मागं फिरून आलो. सावलीचा पत्त्या न्हाई. नगं म्हनायचं न्हवं?"

गुंडाने मागे चांदसाहेब ऐकत नाहीत ना हे बघितलं आणि एक पाऊल पुढे आला.

"असं करू. आबास्नी म्हन्तो, आखिती फुडच्या सालची धरा. हीर कुटं पळून जातीया? अजून कराड ऱ्हायलंय, वाई ऱ्हायलीया. हिंडू की आपुन. मला बी आता सवं झालीया." आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "दादाला लय आवडायचं न्हवं, तुमास्नी घिऊन घरं बगाया. घरी आला की आमच्याशी दुसरं बोलायचाच न्हाई."

सबंध प्रवासात या माणसाने आपल्याला ओळखलं नाही, असं राहीबाईला वाटत होतं. तिने तोंड पुसलं.

"न्हाई भाऊजी," ती म्हणाली. "बगून झालं. ह्येच घिऊ."

"सावली न्हाई ती?"

"नसू द्या."

मग घर एकदम माणसांनी भरलं. चांदसाहेब आले, नानासो आला, पानसुपारी आली. व्यवहार इतक्या चटकन ठरला की नानासोला आपण काही केल्यासारखं वाटेना, म्हणून त्याने घर थंड आणि हवेशीर असल्याचं पुन्हा एकदा सांगितलं. समोरच्या दारात डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी उभी होती, ती मनुबाई असावी. ती आत आली नाही. नुसती बघत राहिली आणि मग घरात गेली.

राहीबाई मधल्या खोलीत उभी होती. संध्याकाळ होत आली होती. ही दर वेळची निघायची वेळ, आणि आज निघायचं नव्हतं. घर पसंत पडल्यावर पुढे काय करतात, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. परक्याच्या घरात ती खुशाल कुठेही बसायची, उंबऱ्यावर, रांजणाच्या कडेला, जिन्यावर. आज घर तिचं झालं होतं आणि बसायचं कुठे ते तिला कळेना. ती भिंतीजवळ गेली. भिंतीवर हात टेकला. भिंत दिवसभराच्या उन्हाने अजून उबदार होती. या घरात तिच्याशी कोणीही दिवसाढवळ्या बोलू शकलं असतं. तिने थोडा वेळ वाट बघितली.

बाहेरून गुंडाचा आवाज आला. त्याचं भाषण पुन्हा सुरू झालं होतं. उद्या आखिती, साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त. उद्या सकाळी या घरात नव्या मालकिणीच्या हातानं चूल पेटवायची, दूध उतू घालायचं. आबास्नी बोलवायचं, समद्या आळीला पेढे. तवलीभर दूध आत्ताच सांगून ठेवतो. तो बोलत बोलत आत आला आणि त्याच्यामागून चांदसाहेब आणि जरिनाचाची आले. चूल पेटवायची गोष्ट ऐकून चांदसाहेबांनी बायकोकडे बघितलं. बायकोने त्यांच्याकडे बघितलं. कोणी बोलावं यावर दोघांचं काहीतरी नजरेतच ठरलं.

चांदसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि घसा साफ केला.

"हवालदारीनबाई," ते म्हणाले, "घर तुमचं झालं. अल्ला तुमचं भलं करो. यक इनंती हुती. आतल्या चुलीत आमची कोंबडी अंड्यावर बसलीया. पिल्लं निघंस्तवर चूल तेवडी पेटवू नगा."